काका, माती लोटल्यात?

ज्यांना पटायचं नाही त्यांनी इथेच थांबावं. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही.

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. मामा अजून आहे, मामी आहे, तो सडाही तिथेच आहे. आचऱ्याहून मिठबावकडे जाताना समुद्राच्या अंगाला जो उघडाबोडका कातळ लागतो, त्याच्या टोकाला. आणि रात्र, अमावास्या असलं काही शोधू नका. जे झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं.

गेल्याच्या गेल्या वर्षी. दसरा तोंडावर आला होता तेव्हा.

माझा मामा गंगाराम हा आंब्याचा माणूस. सड्यावर त्याची हापूसची कलमं. त्या कलमांना लागूनच मुंबईच्या एका शेठने जमीन घेऊन लाल मातीची लांब धावपट्टी केली होती. शेठचं एक छोटं विमान होतं, चार माणसांचं. शनिवार-रविवारी शेठ यायचा, गावातली पोरं धावपट्टीच्या कुंपणाला चिकटून उभी राहायची.

ते विमान चालवायचा नदीम.

नदीम बाहेरचा नव्हता. खालच्या वाडीतल्या मेहबूबचा मुलगा. मेहबूबची मच्छीमारी होडी, आणि मेहबूब म्हणजे मामाचा शाळेपासूनचा दोस्त. पोरगा विमान शिकून आला तेव्हा मेहबूबने अख्ख्या गावाला सांगितलं नसेल एवढं मामाने सांगितलं होतं. नदीम मामाला काका म्हणायचा.

हे लक्षात ठेवा.

त्या आठवड्यात तारली पडली. तारली पडली की आमच्याकडे कशी पडते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. जाळी फाटायची वेळ येते, कोणी फुकट नेत नाही. मग ती मासळी झाडांना घालतात. झाडाभोवती चर खणायचा, तारली ओतायची आणि त्याच दिवशी वर माती लोटायची. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच दिवशी. उघडी ठेवली तर कुत्री, घारी, कावळे सगळं रान डोक्यावर घेतात.

मेहबूबने मामाला हाक मारली. "गंगाराम, व्हयी तेवढी ने रे. हय कुजान जातली."

मामाने टेम्पो भरभरून नेली. धावपट्टीलगतच्या कलमांचे चर भरले.

आणि माती लोटली नाही.

का? तर मामाचं एक शास्त्र होतं. तारलीला दोन-तीन दिवस ऊन लागलं, ती चांगली पिकली, की मग खत जोर धरतं. बापाने सांगितलेलं म्हणे. गडी विचारायला आले तर त्यांना घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी त्या सड्यावर उभं राहवत नव्हतं. चरांमधून पांढरी वळवळ दिसत होती. लांबून बघावं तर मासळी हलतेय असं वाटायचं... हलत होत्या त्या अळ्या. आणि वर घारी. दहा-वीस नव्हे, आभाळ काळं होईल एवढ्या.

त्या संध्याकाळी नदीम बागेत आला. नाकाला रुमाल लावून.

"काका, ही माती लोटून घेवा. वर घारी बघितल्यात? उद्या सकाळी माका विमान काढूचा आसा. शेठाक आणूक जातंय."

"होय रे बाबा. आत्ताच लोटतंय. तू जा निवांत."

"नक्की ना काका?"

"अरे, नक्की!"

नदीम गेला. मामा घरी आला, आंघोळ केली, जेवला आणि झोपला. एक दिवसाने काय होतंय, असं त्याच्या मनात आलं. त्याने मला हे असंच सांगितलं, काही न लपवता. ऐकताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

सकाळी विमानाचा आवाज आला. गावाला सवयीचा आवाज. घर्रर्र करत वर चढणारा.

मग तो मध्येच... तुटला.

धडाम वगैरे काही नाही. आवाज होता, आणि मग नव्हता. तेवढंच.

विमान कड्यावरून पुढे जाऊन समुद्रात पडलं. नदीम एकटाच होता आत. सगळी वाडी किनाऱ्याकडे धावली. होड्या निघाल्या. सगळ्यात पुढे होडी होती मेहबूबची. स्वतःच्या पोराला त्याने स्वतःच्या हाताने बाहेर काढलं.

आणि मामा?

मामा किनाऱ्यावर नव्हता. सगळं गाव खाली गेलेलं बघून तो वर सड्यावर धावला. फावडं घेऊन. खाली मेहबूब पोराला होडीत घेत होता त्या वेळी वर माझा मामा चरांवर माती लोटत होता. अळ्यांसकट, पिसांसकट. हाताला फोड येईपर्यंत. मग विहिरीवर हातपाय धुऊन, शर्ट बदलून तो किनाऱ्यावर गेला आणि मेहबूबच्या गळ्यात पडून रडला.

रडणं खरं होतं, असं मामा म्हणतो. असेल. मला मात्र त्या बदललेल्या शर्टाची किळस येते.

पुढचं त्याहून घाण आहे.

दोन दिवसांनी हरिश्चंद्रच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला. विमान पडलं कसं? कोण म्हणे इंजिन, कोण म्हणे पेट्रोल. मामा बाकावर बसला होता. कोणी काही विचारलंही नव्हतं त्याला.

"आदल्या सांजचो माका भेटलेलो," मामा हळूच म्हणाला. "डोळे लाल होते हां पोराचे... जावंदे. मी काय बोलणंय नाय."

एवढंच बोलला. एवढं पुरलं. रात्रीपर्यंत गावभर झालं, पायलट प्यायलेला होता. ज्या पोराने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, त्याच्या मागे ते चिकटलं. चवीने बोलत होते लोक. मेलेला पोरगा उत्तर द्यायला थोडाच येणार होता?

मग चौकशीला साहेब आले. सड्यावर फिरले, धावपट्टी मोजली. मामाला बोलावून विचारलं, "या भागात पक्षी जास्त असतात का हो? घारी वगैरे?"

मामा शुद्ध मराठीत म्हणाला, "नाही साहेब. घारी इथे कुठल्या?"

साहेबांनी मान वर करून पाहिलं.

आभाळ रिकामं होतं.

मामानेही तेव्हाच पाहिलं. एक घार नाही. कावळा नाही. साळुंकी नाही. समुद्रावरचा वारा चालू होता आणि अख्ख्या सड्यावर एक पाखरू नव्हतं.

साहेब गेले. मामाला बरं वाटलं. आपण खोटं बोललो, पण नशिबाने निभावलं.

पाखरं परत आलीच नाहीत. आजही त्या सड्यावर पक्षी उडत नाही. जाऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीला ओट्यावर एक पुडा मिळाला. सागाच्या पानात गुंडाळलेला, वर केळीच्या सोपटाची गाठ. मेहबूबची पद्धत ती. होडीला बरी मासळी लागली की दोस्ताचा वाटा तो असाच बांधून पाठवायचा. कित्येक वर्षं.

आत तारली होती. ताजी, लखलखीत.

सुभद्रामामीचे डोळे भरून आले. "अवो, बघलात? मेहबूबभाऊंनी मासळी धाडल्यानी. येवढ्या दुःखात पण इसारले नाय."

मामाने पुड्याकडे पाहिलं. त्याला ती ताजी दिसतच नव्हती. डोळे गळलेली, पोट फुटलेली, आत पांढरी वळवळ. आणि वास... तोच. सड्यावरचा.

मामीने तिखलं केलं. तिरफळं घालून. मामा मागच्या दारी जाऊन ओकला.

एका दिवसाआड पुन्हा पुडा. मग पुन्हा. मामी न चुकता शिजवायची आणि मेहबूबचं नाव काढून जेवायची. मामा समोर बसून भात चिवडायचा. तिच्या घासागणिक त्याला घेरी यायची, पण सांगणार काय? त्या दिवाळीत मी कुडाळहून त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. मामा एवढा वाळला कसा, एवढंच मला कळेना.

दुपारी मामा बागेत एकटा जायचा. पाचोळा गोळा कर, फांद्या बघ. एकदा असाच कलमाखाली वाकलेला असताना मागून आवाज आला.

"काका..."

मामाने वळून पाहिलं. कोणी नाही. कातळ तापलेला, धावपट्टी मोकळी.

"काका, माती लोटल्यात?"

नदीमचा आवाज. रागाचा नाही, रडका नाही. त्या संध्याकाळी विचारलं तसाच, साधा. रुमाल लावून बोललेला.

मामा जागीच थिजला. मग ओरडला, "लोटली रे! लोटली!"

काहीच नाही. फक्त लांब समुद्राकडून विमान चढल्याचा आवाज. घर्रर्र...

आणि मध्येच तुटला.

मामाने चराकडे पाहिलं. चर उघडा होता. माती बाजूला झाली होती आणि आत तारली तशीच, तिसऱ्या दिवशीसारखी पिकलेली. एवढ्या घाणीवर एक माशी बसलेली नव्हती.

मामाने फावडं घेतलं. लोटली माती. दाबली पायाने.

दुसऱ्या दुपारी पुन्हा उघडी.

त्याने किती वेळा ती माती लोटली असेल त्याला स्वतःला माहीत नाही. गडी सोबत न्यायचा तेव्हा चर बंद असायचा, जमीन सपाट. एकटा गेला की उघडा. वास मात्र अंगावर घरापर्यंत यायचा. साबण लाव, लिंबू चोळ, नखांतून जात नव्हता.

अशात एके सकाळी सुरैय्या घरी आली. मेहबूबची बायको, नदीमची आई. ती गावात घरोघर फिरत होती. कोणाशी भांडत नव्हती, फक्त विचारत होती. त्याला प्यायलेला कोणी पाहिला? तुम्ही पाहिला? मग कोणी?

फिरत फिरत ती मामापर्यंत आली.

"गंगारामभाऊ, तेका शेवटचे तुमी बघलेल्यात. तुमीच सांगा. माझ्या पोरान त्या घाणीक कधी हात लावलो नाय. लोक म्हणतत तेचे डोळे लाल होते. तुमका दिसलेले?"

मामी दारात उभी होती. एक होय किंवा एक नाही, एवढंच हवं होतं त्या बाईला.

"काळोख पडलेलो गो," मामा म्हणाला. "माका नीट दिसाक नाय."

सुरैय्या गेली. मामी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मग मामाकडे वळून म्हणाली, "सांजचो तो बागेत इललो तेवा तर उजेड होतो. मी दोरीवरचे कपडे काढी होतंय."

मामाने फावडं उचललं आणि बागेची वाट धरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुडा आला तो वेगळा होता. मामीने सोपट सोडलं आणि मासळी उजेडात धरली.

"ह्या काय? मासळेक माती लागलेली आसा."

लाल माती. किनाऱ्यावर वाळू असते. लाल माती फक्त सड्यावर.

मामाच्या डोक्यात लख्ख झालं. मेहबूबला कळलंय. सगळं कळलंय आणि हा माणूस तोंडाने काही न बोलता आपल्याला पुडे पाठवून पाठवून मारतोय. मामा पुडा उचलून तसाच निघाला, अनवाणी. खालच्या वाडीत मेहबूबच्या अंगणात जाऊन तो पुडा त्याने खाली टाकला.

"बस कर, मेहबूब! तुझ्या पाया पडतंय. तारली मीच उघडी टाकलेलंय. घारी तेनीच जमलेल्यो. नदीम सांगान गेल्लो माका, माती लोटा म्हणान. मी लोटूक नाय. डोळे लाल म्हणान मीच बोललंय. सगळा मीच केलंय. पण ही मासळी धाडू नको. माझी बायल ती खाता रे... माका बघवणा नाय."

सुरैय्या आतून बाहेर आली. दाराचा खांब धरून उभी राहिली. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

मेहबूब खाली बसला होता. मग बोलला.

"तारलीचा माका म्हायत आसा. तेका होडीत घेतलंय तेवा तेच्या शर्टात गावली. अर्धी. घारीन फाडलेली. दर्यातली ताजी न्हय ती, कुजलेली. मी तुका दिली ती." त्याने स्वतःचे तळवे पाहिले. "माझ्याच जाळ्यातली. माझ्या हातान दिलेली. कोणाक सांगतलंय मी? हिका सांगू?"

सुरैय्याने तोंडावर पदर धरला.

मग मेहबूबने अंगणातल्या पुड्याकडे पाहिलं.

"पण ही मासळी खंयची?"

"तूच धाडतंस ना. एक दिसाआड..."

"मी?" मेहबूबने हात करून दाखवलं. माडांखाली त्याची होडी उलटी घातलेली होती. तिच्यावर सुकलेल्या झावळ्यांचा थर होता, बुडाशी वेल चढला होता. "त्या दिसापासून मी दर्यात गेलंय नाय. एक मासो माझ्या दारात इलो नाय, गंगाराम. तुझ्या दारात मी काय धाडतलंय?"

मामाने पुड्याकडे पाहिलं.

सागाचं पान उघडं पडलं होतं. आत फक्त लाल माती होती.

मग त्या घरात इतके दिवस काय शिजलं? मामीने काय खाल्लं? मला हे मामाने सांगितलं तेव्हा मी उठून मोरीत गेलो. कारण त्या दिवाळीत ते तिखलं मीसुद्धा जेवलो होतो. चव चांगली होती. मी दोनदा मागून घेतलं होतं.

मामा अंगणात हात जोडून उभा होता. सुरैय्याने त्याला माफ केलं नाही, शिवीही दिली नाही. तिने एवढंच सांगितलं.

"आमका सांगान काय जाता? जंय ता बोललात, थंय जावन सांगा."

मामा गेला. इथे मात्र मी त्याच्या बाजूचा आहे. तो आधी चौकशीच्या साहेबांकडे जाऊन सगळं सांगून आला. त्यांनी लिहून घेतलं, अहवाल यायचा तेव्हा येईल म्हणाले. तिथून थेट हरिश्चंद्रच्या टपरीवर. भर सकाळी, बाकं भरलेली. मामा उभा राहिला आणि बोलला. तारली मी उघडी ठेवली. घारी माझ्यामुळे जमल्या. पोरगा शुद्धीत होता, मला बजावून गेला होता. डोळे लाल नव्हते, मी खोटं बोललो.

मामाला वाटलं आता कोणी उठेल, थोबाडीत देईल. तो त्याचसाठी थांबला होता.

हरिश्चंद्रने गाळणी आपटली.

"गंगाराम, झाला ता झाला. तुका आता कित्याक खाजवता? बस, चाय घे."

बाकावरून एकजण म्हणाला, "तसो थोडो घेतललो असतलोच हां. आजकालची पोरां."

कोणीतरी हसलं. चहा आला. विषय बदलला.

तळलेल्या भजीच्या त्या वासात मामाला पुन्हा तो दुसरा वास आला. या वेळी तो त्याच्या नखांतून येत नव्हता. बाकांकडून येत होता.

दुसऱ्या दिवशी मामाच्या ओट्यावर पुडा नव्हता.

पुडा हरिश्चंद्रच्या दारात होता. सागाचं पान, सोपटाची गाठ. त्याला वाटलं कोणीतरी ओळखीच्याने मासळी ठेवली. घरात मजेत खाल्ली. मग बाकावरच्या त्या माणसाच्या दारात. मग तिसऱ्याच्या. मामा त्यांना सांगायला गेला, खाऊ नका. ते त्यालाच हसले. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाले.

आता मामा काय करतो माहीत आहे? सकाळी उठून वाडीतून फिरतो. कोणाच्या ओट्यावर पुडा दिसला, आणि घरचे उठलेले नसले, तर उचलतो. सड्यावर नेतो. खड्डा खणतो, पुरतो, त्याच घटकेला माती लोटतो. मेहबूब कधीकधी त्याच्याबरोबर असतो. दोघं बोलत नाहीत. सुरैय्या अजून मामाच्या दारात आलेली नाही.

माती लोटून झाली की मामा रिकाम्या आभाळाकडे बघून मोठ्याने म्हणतो, "लोटली रे बाबा, लोटली."

गेल्या महिन्यात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. एक पाखरू नाही, वाऱ्याचा तेवढा आवाज. मामाने माती दाबली, ते वाक्य म्हटलं आणि कान देऊन उभा राहिला. मला काहीच ऐकू आलं नाही. मी विचारलं, "मामा, उत्तर येतं का काही?"

"येता."

"काय म्हणतो?"

मामाने फावडं खांद्यावर घेतलं. सड्याच्या कडेवरून खाली वाडी दिसत होती. कौलं, माड, हरिश्चंद्रच्या टपरीचा धूर. मामा तिकडे बघत राहिला.

"तो म्हणता... काका, थंय खाली अजून उघडी आसा."